दुसऱ्याच्या कणगीचे कारभारी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या कऱ्हाटी येथें भरलेल्या सभेपुढें समितीच्या वतीनें केलेलें भाषण. दुष्काळनिवारण समितीच्या विनंतिपत्रांत व अहवालांत सभेच्या इच्छेवरून छापिलें आहे.)



पाऊसपाणी बरें असतां दुष्काळनिवारण समितीची सभा कां बोलाविली, असा प्रश्न आपणांपैकीं कित्येकांनीं आम्हांस विचारिला. नदीस पाणी आहे, विहिरींस पाझर आहेत, वाडीच्या तोंडाशीं टँकरची वाट पाहत बसलेल्या घागरींची रांग नाहीं; मग वर्गणीची पेटी पुन्हां कशास काढतां? प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर देण्याकरितांच आम्ही आज आपणांपुढें उभे आहों.

थोडी मागची आठवण करा. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं सरकारनें राज्यांतील ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. त्यांत बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर व शिरूर हे आपल्या जिल्ह्यांतील पांच तालुके होते. पुढें दीड वर्षानें, २०२५ च्या मे महिन्यांत, याच मुलखांत असा अवेळीं पाऊस कोसळला कीं निरेचा डावा कालवा बारामतीजवळ फुटला व लोकांच्या घरांत पाणी शिरलें. जी माती एका उन्हाळ्यांत घोटभर पाण्यासाठीं तोंड वासून होती, तीच दुसऱ्या उन्हाळ्यांत पुराखालीं गेली. म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, आपल्या भागांत दुष्काळ हा पाहुणा नव्हे. तो घरचाच आहे. कांहीं वर्षें बाहेरगांवीं जातो इतकेंच. तो परत येईल तेव्हां आपल्या कणगींत काय असावें, हें ठरविण्याची वेळ तो घरीं नसतांनाच असते. योसेफानें मिसर देशांत कोठारें बांधिलीं तीं सुकाळाच्या सात वर्षांत. दुष्काळ लागल्यावर त्यानें फक्त त्यांचीं दारें उघडलीं.

आपण जेथें बसलों आहों तें गांव कऱ्हेच्या कांठीं आहे. कऱ्हा पुरंदरच्या डोंगरांत उगम पावते, सासवड, जेजुरी, मोरगांव करीत येथें येते, आणि बारामतीवरून पुढें सोनगांवीं निरेस मिळते. निरा इंदापूर तालुक्याच्या टोकास नरसिंहपुरीं भीमेच्या ओटींत जाते. नकाशा पाहणारास वाटेल, तीन नद्यांचा हा मुलूख, येथें पाण्याची काय वाण! परंतु सह्याद्रीवर रिते झालेले ढग येथवर येतां येतां हलके होतात. वर्षाकाठीं सुमारें वीस इंच पाऊस, आणि तोही बेभरंवशाचा.

१८७६-७७ च्या महादुष्काळांत निरेच्या डाव्या कालव्याचें काम दुष्काळी काम म्हणून हातीं घेतलें गेलें. १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें. उपाशी माणसांनीं पोटासाठीं खणलेल्या त्या पाटानें आपल्या तालुक्यांचे दोन भाग केले. कालव्याखालीं ऊस आला, पुढें साखर कारखाने आले, पक्कीं घरें आलीं. कालव्याच्या वरच्या अंगास बाजरी, ज्वारी, कुसळांचे माळ व मेंढरें राहिलीं. हा भेद कोणाच्या पुण्याईचा नव्हे कीं पापाचा नव्हे. तो जमिनीच्या उताराचा भेद आहे. पाणी उताराकडे जातें. ज्याचें शेत पाटाच्या खालीं तो बागाईतदार, ज्याचें वर तो जिराईतदार. आपल्या मंडळ्यांमधूनही हीच रेषा गेली आहे. एकाच रविवारीं, एकच गीत गाणाऱ्या दोन मंडळ्यांपैकीं एकीच्या दानपेटींत नोटा पडतात आणि दुसरीच्या पेटींत चिल्लर, याचें कारण श्रद्धेंत शोधूं नका. तें त्या रेषेंत आहे.

आतां मुख्य विषयाकडे येतों. आपल्या भागांतील घरची बाई नवऱ्यास ‘धनी’ म्हणते आणि ‘कारभारी’ असेंही म्हणते. दोन्ही शब्द एकाच माणसास लागल्यामुळें त्यांतील अंतर आपण विसरून गेलों. पवित्र शास्त्र तें अंतर विसरत नाहीं. त्याच्या मतें धनी एकच, आणि आपण सारे कारभारी. ऊस आमचा नव्हे, पगार आमचा नव्हे, ज्या उतारावर आमचें शेत पडलें तो उतारही आमचा नव्हे. कणगी दुसऱ्याची आहे. किल्ली तेवढी आपल्या कमरेस आहे. कारभाऱ्यास शेवटीं तीन प्रश्न विचारले जातात: तुझ्याकडे किती सोंपविलें होतें? कोणास वाटावयाचें होतें? आणि वही कोठें आहे? या तीन प्रश्नांस धरूनच आम्ही आपला हिशेब आपणांपुढें मांडतों.

पहिला प्रश्न: किती सोंपविलें होतें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, सन ५५ च्या आगेमागें, प्रेषित पौलानें यरुशलेमेंतील गरीब भावांसाठीं गलतिया, मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. ख्रिस्ती मंडळ्यांनीं एकमेकींसाठीं केलेल्या वर्गणीची इतकी सविस्तर हकिकत आपणांस तिच्याआधीं मिळत नाहीं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत तिची रीत आहे. पौलानें आंकडा ठरवून दिला नाहीं. ज्यास जशी मिळकत, त्यानें तसें बाजूस ठेवावें, असें सांगितलें. आणि तें दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीं ठेवावें, म्हणजे तो येईल त्या दिवशीं धांवपळ नको. किती साधी गोष्ट ही! मन भरून आलें म्हणून द्यावयाचें असें त्यांत नाहीं. वार आला म्हणून द्यावयाचें.

तरी करिंथकरांकडून तें झालें नाहीं. करिंथ हें मोठें व्यापारी शहर. होकार त्यांचाच अगोदरचा होता. वर्ष लोटलें आणि वर्गणी पुरी झाली नाहीं. इकडे मासेदोनियाचे लोक स्वतः छळ व दारिद्र्य सोशीत होते. त्यांनीं शक्तीपलीकडे दिलें, आणि आम्हांस या कामांत वांटा द्या म्हणून पौलाचीच विनवणी केली. दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे दोन अध्याय या एका तुंबलेल्या वर्गणीविषयीं आहेत. ते आपण घरीं वाचावे. त्यांत रागाचा शब्द नाहीं, पण वाचणारास मान वर करवत नाहीं.

आमचीही मान आज खालीं आहे. हें अहवालांत लिहावयास संकोच होतो. परंतु न लिहिलें तर अहवालच खोटा ठरेल. २०२३ च्या नाताळापूर्वीं आपल्या मंडळ्यांनीं ठराव केले. टाळ्या वाजल्या, प्रार्थना झाल्या. उन्हाळा लागला तेव्हां त्यांतल्या कित्येक रकमा कागदावरच होत्या. कडबा एप्रिलांत पाहिजे होता. पैसे जूनअखेर आले. तोंवर माळावरच्या लोकांनीं दावणीचीं जनावरें बाजारांत नेऊन येईल त्या किमतीस दिलीं. त्या पैशांतून पुढें आम्हीं बीबियाणें घेऊन वांटलें हें खरें. पण विकलेली गाय बियाण्यानें दावणीस परत येत नाहीं. हा दोष आम्ही कोणा एका मंडळीवर घालीत नाहीं. आम्हींही मार्च संपेपर्यंत कोणाच्या दारीं तगाद्यास गेलों नाहीं. भावाकडे पैसे कसे मागावे, असें वाटलें. आतां कळतें कीं, भुकेल्याच्या वतीनें मागतांना लाजणें म्हणजे आपली लाज त्याच्या पोटाच्या खर्चानें राखणें होय.

याच उन्हाळ्यांत आम्हीं एक मासेदोनियाही पाहिला. माळावरची एक लहानशी मंडळी; तिच्या वाडीस टँकरचें पाणी. आम्ही तेथें गरजूंची यादी करावयास गेलों होतों. उपासना संपल्यावर त्यांनीं तेलाच्या रिकाम्या डब्यांत सांठविलेली बाजरी आणून आमच्यापुढें ठेविली. ही पलीकडच्या वाडीस द्या, म्हणाले. आम्हीं नको म्हटलें. तेव्हां एक म्हातारी बाई म्हणाली, “का वो पाळकसायेब, आमी काय निसतं घेनारंच का?” यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. बाजरी घेतली, पावती लिहून दिली, आणि अहवालाच्या जमेच्या बाजूस ती पहिल्या ओळींत मांडली आहे. देण्यांत जसा मान आहे, तसा तो आपण कोणाच्या हातून काढूनही घेऊं शकतों, हें आम्हांस त्या दिवशीं समजलें.

दुसरा प्रश्न: कोणास वाटावयाचें होतें? क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत यहूदीयांत दुष्काळ पडला. अंत्युखियाच्या मंडळींत पुष्कळ लोक यहूदी नसलेले. तिनें यहूदी भावांसाठीं बर्णबा व शौल यांच्या हातीं मदत पाठविली. याच दुष्काळांत अदियाबेनेची राणी हेलेना हिनें आलेक्सांद्रियाहून धान्य व कुप्राहून सुके अंजीर आणवून यरुशलेमेंत वांटल्याचें इतिहासकार योसेफस सांगतो. ती ख्रिस्ती नव्हती. परराष्ट्रांत जन्मून यहूदी धर्म स्वीकारलेली ती बाई होती. तिच्या अंजिरांनीं कोणाकोणाचीं पोरें जगलीं याची नोंद नाहीं. भुकेस धर्माची खूण नसते, हें तिला कळलें होतें.

तें आम्हांस जरा उशिरा कळलें. आमची पहिली यादी मंडळीच्या रजिस्टरावरून केलेली होती. दुसऱ्या खेपेस एका वाडीवर कडबा उतरवीत असतां, एक शेजारीण दावणीशीं उभी राहून पाहत होती. तिच्या दोन शेरडांपुढें कांहीं नव्हतें. तिचें नांव यादींत नव्हतें, कारण तें कोणत्याच रजिस्टरांत नव्हतें. आमच्यापैकीं एका वृद्ध वडिलांनीं गाडी थांबविली. ते म्हणाले, “टँकरवाला रजिस्टर बघून पाणी सोडत नाही. आपण त्याच्याहून हलके ठरायचे का?” त्या दिवसापासून यादी वाडीची होते, मंडळीची होत नाहीं. मंडळीनें मंडळीस द्यावें हें खरें. पण मंडळीस दिलेलें तिच्या उंबऱ्याशीं अडून राहूं नये.

आपल्या शेजारीं केडगांव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळांत गुजरातेंतून आणखी आणिल्या. केडगांवचें ‘मुक्ति’ सदन अशा मुलींनीं भरलें. या बाईनें हें कां केलें? १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत अन्नान्न करीत फिरतांना तिचे वडील, आई व बहीण हीं एकामागून एक गेलीं होतीं. जिनें भुकेचें घर आंतून पाहिलें तिनेंच पुढें दार उघडलें. आपणांतही असे वृद्ध आहेत ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ अंगावर काढिला, खडी फोडली, तांबडा मिलो व सुकडी खाल्ली. त्यांस आमची विनंति कीं, तें दिवस नातवंडांस सांगा. बागाईतांत जन्मलेलीं तीं मुलें. त्यांस सांगितल्यावांचून कळणार नाहीं.

येथेंच आपल्या तालुक्याचें एक ऋण सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या मंडळ्यांचें मिशन बारामतीस आलें. तें तिकडच्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चाललें. पुढें १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ पडला, तेव्हां मिशनच्या माणसांच्या व ‘कासा’ या संस्थेच्या साह्यानें कामाच्या मोबदल्यांत धान्य देऊन तालुक्यांत पाझर तलाव बांधण्यांत आले. कासा म्हणजे १९४७ मध्यें फाळणीच्या निर्वासितांच्या मदतीसाठीं भारतांतील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनीं उभी केलेली संस्था. या कामांच्या अनुभवांतून १९७१ मध्यें बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट निघाला. आलेला गहू व तेल फुकट वांटलें असतें तर तें एका हंगामांत संपलें असतें. तें घामाशीं बांधिलें म्हणून तलाव राहिले. ज्यानें टोपलें वाहिलें त्यास भीक घेतल्याची खंत राहिली नाहीं, आणि पाझरलेलें पाणी विहिरींत उतरतांना शेतकऱ्याची जात वा धर्म पाहत बसलें नाहीं. परदेशांतील ज्या लोकांनीं रविवारच्या पेटींत नाणीं टाकलीं, त्यांनीं कऱ्हा नदी कधीं पाहिली नाहीं. आपण ती रोज पाहतों.

तिसरा प्रश्न: वही कोठें आहे? पौल हा प्रेषित. त्याच्या शब्दावर कोणीं अविश्वास धरिला असता? तरी त्यानें पैसा एकट्यानें नेला नाहीं. तीताबरोबर मंडळ्यांनीं स्वतः निवडलेला भाऊ दिला. बिरुया, थेस्सलनीका, दर्बे व आसिया येथील माणसें शेवटच्या प्रवासांत त्याच्या संगतीस होतीं. देव जाणतो तेवढें पुरे, असें तो म्हणाला नाहीं. एवढ्या मोठ्या रकमेविषयीं माणसांसही बोट ठेवण्यास जागा राहूं नये, याची त्यानें काळजी घेतली. आणि ही वर्गणी पोंचविण्यासाठीं तो यरुशलेमेस गेला तेथेंच त्यास कैद झाली. आपण लखोटा बंद करून देतों. त्यानें आपलें स्वातंत्र्य देऊन तो पोंचविला.

भीमेपलीकडे मंगळवेढें आहे. तेथील दामाजीपंतांची कथा आपल्या मुलखांत लहान मुलासही ठाऊक असते. बादशाही कोठाराचा तो कारभारी. दुर्गादेवीच्या दुष्काळांत त्यानें तें लोकांस लुटविलें. परंतु कथा तेथें थांबत नाहीं हें पुष्कळ सांगणारे विसरतात. धान्याची किंमत विठूच्या रूपानें प्रत्यक्ष विठ्ठलानें दरबारीं भरली आणि पावती घेतली, अशी लोकांची श्रद्धा आहे. औदार्याच्या थोर कथेंतही लोकांनीं पावतीवांचून गोष्ट संपवूं दिली नाहीं. आमच्या समितीनेंही पावतीवांचून एक दाणा घेतला नाहीं वा दिला नाहीं. जमाखर्च या भाषणापुढें छापिला आहे. तो वाचण्याचा कंटाळा करूं नका. आमच्यावर विश्वास आहे म्हणून जो तो वाचीत नाहीं, तो आमच्यावर उपकार करीत नाहीं.

आतां पुढें काय करावयाचें? मोठी गोष्ट आम्ही मागत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढिली आणि गरीब मुलांच्या वसतिगृहांसाठीं ‘मुष्टिफंड’ चालविला: दळण करतांना घरच्या बाईनें एक मूठ धान्य बाजूस ठेवावें. तिकडे ईशान्येस मिझो मंडळ्यांतील स्त्रिया १९१० च्या सुमारापासून प्रत्येक जेवणाचा भात शिजवितांना एक मूठ तांदूळ वेगळा काढीत आल्या, आणि त्या मुठीवर तेथील मंडळ्यांचीं कितीएक कामें चालतात. मिझो लोकांनीं बांबू फुलल्यावर येणारे दुष्काळ भोगले आहेत. मुठीची किंमत त्यांस सांगावी लागत नाहीं. दोर्णकलचे बिशप अझरया, १९१२ मध्यें अँग्लिकन मंडळींत बिशप झालेले पहिले हिंदी गृहस्थ, यांनीं ख्रिस्ती दानावर पुस्तकच लिहिलें. त्यांचें काम बहुतेक खेड्यांतील अतिगरीब लोकांत होतें हें ध्यानांत धरा. देणें हा श्रीमंतांचा धर्म आहे, ही समजूत गरिबांनींच ठिकठिकाणीं खोटी पाडिली आहे.

म्हणून समितीची मागणी चार कलमांत सांगतों. पहिलें, २०२३ च्या ठरावांपैकीं ज्या रकमा राहिल्या आहेत त्या पुढील कापणीच्या सणापूर्वीं पुऱ्या कराव्या. दुष्काळ गेला म्हणून शब्द फिटत नाहीं. दुसरें, प्रत्येक मंडळींत दुष्काळाची पेटी वेगळी ठेवावी व ती दर रविवारीं फिरावी. ऊसवाल्यानें उसाच्या हप्त्यांतून, पगारदारानें पगारांतून, मजूर बाईनें मुठींतून, ज्यास जसें सोंपविलें तसें. मंदिराच्या रंगास व पाळकाच्या निरोपसमारंभास या पेटीस हात लावूं नये. तिसरें, या पैशाचे व धान्याचे रखवालदार एका मंडळीचे नसावे. कालव्याखालचा एक, माळावरचा एक, अशा दोघांच्या सह्या असाव्या. चौथें, उन्हाळा लागण्यापूर्वींच वाडीवार यादी व्हावी, आणि ती करतांना रजिस्टर घरीं ठेवून जावें.

कालव्याखालच्या भावांस आणखी एक शब्द. आपण देतां तें उपकार म्हणून देऊं नका. ज्या पाटानें आपला ऊस भिजतो तो दुष्काळांतल्या उपाशी माणसांनीं खणला. त्यांची मजुरी त्यांस त्या वेळीं मिळाली असेल. पण पाण्याचा लाभ आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतों आहों. आणि पौलानें करिंथकरांस समजाविलें तेंच आम्ही सांगतों: हेतु असा नाहीं कीं त्यांस सुख व तुम्हांस जाच व्हावा. आज तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाहीं. उद्यां कालवा फुटेल, आवर्तन चुकेल, आणि माळावरून बाजरीचा डबा तुमच्या दारीं येईल. तेव्हां तो घेण्यास लाजूं नका.

माळावरच्या भावांस इतकेंच कीं, आपण मागितलें त्याहून अधिक शिकविलें. त्या बाजरीच्या डब्याची पावती आम्हीं जपून ठेविली आहे.

कऱ्हेस आज पाणी आहे. तें उन्हाळ्यापर्यंत राहील कीं नाहीं हें आपल्या हातीं नाहीं. पेटींत काय राहील हें मात्र आहे. धन्यानें वही मागितली तर आपण ती उघडून पुढें ठेवूं शकूं, एवढी कृपा तो आपणां सर्वांवर करो.

आपले नम्र सेवक,
समितीचे सभासद